अख्खी खरवड

ब्रिनने जाताना दार नेहमीसारखं आपटलं. तिच्या बॅगेची चाकं कॉरिडॉरभर खडखडत गेली, जिन्याचं जड दार उघडून मिटलं, आणि सोखनाला कोणाचा तरी श्वास ऐकू आला. ती दचकली. खोलीत कोणी तरी आहे असं वाटून तिने मागे वळून पाहिलं, ब्रिनच्या पलंगाखाली वाकूनसुद्धा पाहिलं. खाली एक मोजा आणि चिप्सचं रिकामं पाकीट होतं, बाकी काही नाही. मग तिच्या ध्यानात आलं की हा श्वास आपलाच आहे. इतकी वर्षं तो नाकातून जातोय-येतोय आणि आपली त्याची साधी ओळख नाही, या विचाराने तिला आधी हसू आलं आणि मग अंगावर सर्रकन काटा आला. ओळख व्हायची तरी कशी? दाकारला ग्रां-योफमधल्या घरात तिच्या एका बाजूला थोरली बहीण झोपायची, दुसऱ्या बाजूला आत्येबहीण, पायाशी धाकटं कोणी तरी, आणि या सगळ्यांच्या श्वासांत आपला कुठला हे शोधत बसायला कोणाला वेळ होता? इथे अमेरिकेत मिलवॉकीला शिकायला आली तर खोलीत ब्रिन. चांगली मुलगी, पण झोपेतही बडबडायची, आणि जागेपणी तर विचारूच नका. सोखना पलंगाच्या कडेला बसली आणि आपला श्वास ऐकत राहिली. तिच्या छातीत आनंद असा उसळत होता की तो श्वास मिनिटभरही सरळ चालेना.

जमलं होतं. तीन थापा मारल्या होत्या आणि तिन्ही पचल्या होत्या. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं होतं. पोरं आपापल्या गावी टर्की खायला पळतात आणि परदेशी पोरांचं काय करायचं हा कॉलेजला दरवर्षी घोर लागतो. त्या घोराचं नाव डोरीन. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात ती वीस-बावीस वर्षं आहे, आणि एकही पोर सणाच्या दिवशी एकटं राहता कामा नये हा तिचा एककलमी धर्म आहे. ऑक्टोबरपासूनच ती एकेकाला गाठून विचारत सुटते, तू कुठे, तू कोणाकडे. सोखनाला तिने व्हर्न आणि जूडी हे म्हातारं जोडपं लावून दिलं होतं. दोघं गोड. सोखना मुसलमान म्हणून त्यांनी टर्की खास हलाल दुकानातून आणायचं ठरवलं होतं. त्यांना सोखनाने सांगितलं की शिकागोला माझा मामा आहे, तो रागावेल, मला तिकडे जावं लागेल. मोडूमामाला सांगितलं की कॉलेजचा कार्यक्रम आहे, सुटका नाही. आणि डोरीनला सांगितलं की मी व्हर्न-जूडीकडे चालले. सुट्टीत खोलीत राहायची परवानगी हॉस्टेलच्या ऑफिसातून घ्यावी लागते, ती तिने मुकाट्याने घेतली; हॉस्टेलचं ऑफिस आणि डोरीनचं ऑफिस यांचं सासू-सुनेइतकंच बोलणं आहे हे कॅम्पसवर सगळ्यांना ठाऊक असतं. आता तिघंही आपापल्या जागी खूश होते की पोरगी दुसऱ्याच्या घरी चार माणसांत आहे. आणि पोरगी चार मजली इमारतीत एकटी होती. एकटा जीव सदाशिव म्हणतात तो हाच असावा.

संध्याकाळपर्यंत तिने काय काय केलं ते कोणी पाहिलं असतं तर तिला थेट समुपदेशन केंद्रात नेऊन बसवलं असतं. ती कॉरिडॉरमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी धावली. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रत्येक न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पाहिले आणि सगळ्यात गरम पाण्याचं निवडलं. त्यात ती इतका वेळ उभी राहिली की बोटं सुरकुतली, आणि त्या सगळ्या वेळात दारावर एकही थाप पडली नाही. कोणी म्हणालं नाही, झालं का गं, झालं का, मला कामावर जायचंय. थाप पडत नाहीये हे ती मुद्दाम ऐकत होती. घरी न्हाणीघराचं दार म्हणजे ढोल होता, कोणीही यावं आणि वाजवून जावं. मग ती खालच्या बैठकीच्या खोलीतल्या प्रत्येक कोचावर आळीपाळीने बसली. मग जिन्यात उभं राहून स्वतःचं नाव जोरात हाक मारल्यासारखं म्हणाली, आणि ते नाव वर चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन परत आलं. कोणी "काय?" म्हणालं नाही. हाक मारणारी तीच आणि ओ न देणारीही तीच. या गोष्टीची तिला इतकी गंमत वाटली की ती पायरीवर बसून पोट धरून हसली, आणि हसणं थांबल्यावर जी शांतता आली ती तिने अगदी चवीने, आइस्क्रीम चाटावं तशी, पुरवून पुरवून ऐकली.

पण चोराच्या मनात चांदणं. मधूनच तिला वाटायचं, आपल्यात काही तरी बिघाड तर नाही? तिच्या लोकांत म्हण आहे की माणसाचं औषध माणूस. एकटं बसणं म्हणजे आजारी असणं. घरी कोणी जरा कोपऱ्यात बसलं तर मोठी माणसं एखाद्या पोराला पाठवायची, जा रे, त्याच्याजवळ बस, काही बोलू नको, नुसता बस. ती बारा-तेरा वर्षांची असताना एकदा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली होती. तिथून समुद्राची एक बारीक पट्टी दिसायची आणि खालचं सगळं बोलणं दुरून, दुसऱ्याच्या घरातल्यासारखं यायचं. किती वेळ बसली कोण जाणे, पण खाली हलकल्लोळ माजला. उमीआत्याने छाती पिटायची तेवढी बाकी ठेवली. सापडल्यावर विचारलं, कोणी मारलं? कोणी बोललं? मग गेलीस कशाला? सोखना म्हणाली, उगाच. त्या 'उगाच'ने आत्या जास्तच घाबरली. दुसऱ्या दिवशी तिला मराबूकडे, म्हणजे तिकडच्या फकिराकडे नेलं, त्याने कुराणाची आयत लिहून धुतलेलं पाणी पाजलं आणि दंडाला चामड्याचा ताईत बांधला, तिला लागलेला एकटेपणा निघून जावा म्हणून. ताईताने काही झालं नाही. सोखना एवढंच शिकली की अशी इच्छा असली तर ती सांगायची नसते.

अमेरिकेत येताना तिला वाटलं होतं की तिकडे माणूस एकटा असतो. सगळे तसंच सांगायचे, आई तर त्या भीतीने रडली होती. सोखनाने विमानात बसल्यावर मनाशी कबूल केलं होतं की आपण शिकायला चाललोय हे खरं, पण थोडे त्या एकटेपणासाठीही चाललोय. आणि इथे येऊन पाहते तर डोरीन. विमानतळावर डोरीन फुगा घेऊन उभी. पहिल्या आठवड्यात ओळखीचे खेळ, प्रत्येक नव्या पोराला एक जुनी सोबतीण, बुधवारी गप्पांचं जेवण, शुक्रवारी पिझ्झा. समुपदेशन केंद्रातल्या तरुण बाईने तिला विचारलं होतं, एक ते दहामध्ये किती एकटं वाटतं? सोखना प्रामाणिकपणे म्हणाली, एक. बाईने मान तिरपी करून इतक्या मायेने पाहिलं, जणू पोरगी किती सोसतेय, आणि आठवड्याभरात तिला आणखी एका मंडळात घातलं. नाही म्हणायची तिला सोय नव्हती. डोरीनला तर नाहीच. डोरीनवर तिचा जीव होता. इतर पोरं डोरीनला नावाने हाक मारायची. सोखनाच्या जिभेला ते जमेना, तिने आपल्या भाषेत मावशी म्हणायला सुरुवात केली, आणि त्याचा अर्थ कळल्यावर डोरीन उगाच टेबलावरचे कागद लावत बसली होती. त्या बाईला आपण फसवलं, हे मनात आलं की सोखनाला आत कुठे तरी बोचायचं. ती बोच आणि तो आनंद दोन्ही एकाच जागी, एकमेकांना कोपरं मारत बसले होते.

गुरुवारी, सणाच्या दिवशी, सकाळी उठल्याबरोबर तिने ठरवलं की आज चेबुजेन करायचं. मासे आणि भात. पण नुसतं मासे-भात म्हटलं तर तिच्या गावची कुठलीही बाई कमरेवर हात ठेवून उभी राहील. मासे, तुकडा तांदूळ, टोमॅटोचा गर, कोबी, गाजर, वांगं, लाल तिखटजाळ मिरची, सगळं तिने आशियाई दुकानातून आणून फ्रिजमध्ये ब्रिनच्या दह्यामागे लपवलं होतं. पातेलं डोरीनच्याच ऑफिसाचं. शिकून परत जाणारी पोरं आपली भांडी, दिवे, थंडीचे कोट तिथल्या एका खोलीत टाकून जातात आणि नव्या पोरांनी हवं ते उचलायचं. त्यातलं हे जाड बुडाचं पातेलं सोखनाने पहिल्या दिवशी पाहिलं आणि कोणी घ्यायच्या आत पोटाशी धरलं. ते बूड पाहूनच तिच्या मनात खरवड आली होती. चेबुजेनचा भात शिजून झाला की तळाशी जी लालसर, करपायच्या बेतात आलेली, तेलाने आणि टोमॅटोने चिकटलेली खरवड उरते, ती काढताना घरात मारामाऱ्या व्हायच्या. आधी वडिलांचा तुकडा, मग पाहुण्याचा, मग उमीआत्याचा, कारण पातेलं खरवडणार ती. मग धाकटे रडायचे म्हणून त्यांचा. सोखना मधली. मधल्या पोरांच्या वाट्याला जगात कुठेही वासच येतो. आणि आज पातेलं तिचं, चमचा तिचा, अख्खी खरवड तिची. या कल्पनेने ती भाजीसुद्धा घाईघाईने चिरत होती.

तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात तिने मासे तळले, रस्सा उकळला, भात चढवला. खिडकीबाहेर सरोवराकडून वारा येत होता आणि कॅम्पसवर चिटपाखरू नव्हतं. ती गात होती, मोठ्याने, शब्द चुकवत. भात झाला. मासे आणि भाज्या काढून ठेवल्या. आता शहाण्या माणसाने गॅस बंद केला असता. पण सोखनाला साधी खरवड नको होती, तिला ती जाड, कडक, मोडताना आवाज करणारी हवी होती, घरच्या कोळशाच्या शेगडीवर होते तशी. तिने आच वाढवली आणि झाकण लावून कान देऊन उभी राहिली. तळाशी चरचर सुरू झाली. थोडं अजून, ती म्हणाली. वास पालटला. थोडं अजून. झाकणाखालून धुराची एक रेघ निघाली, ती तिने कौतुकाने पाहिली. घरी अंगणात अशी रेघ निघाली की पोरं धावत यायची. इथे अंगण नव्हतं. डोक्यावर छत होतं, आणि छताला एक पांढरी वाटोळी डबी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. अख्खी चार मजली इमारत एकदम किंचाळायला लागली.

सोखना गॅस बंद करून, घरातल्या सपाता आणि पातळ झग्यावर बाहेर पळाली. थंडीने कान झोंबत होते. आतला भोंगा वाजतच होता आणि थोड्याच वेळात आगीचा बंब आला, लाल, मोठा, एका पातेल्यासाठी. त्यातून चार धिप्पाड माणसं उतरली. त्यांच्यातल्या मिशीवाल्याने तिला विचारलं, आत अजून कोण आहे?

"कोणी नाही," सोखना म्हणाली. "मी एकटी आहे."

हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदाच कोणापुढे उच्चारलं होतं, आणि बर्फासारख्या वाऱ्यात उभी असूनही ते म्हणताना तिची मान ताठ झाली. मिशीवाल्याचा चेहरा मात्र पार उतरला. थँक्सगिव्हिंगला एकटीच, असं तो स्वतःशी पुटपुटला, आपला जाडजूड कोट काढून तिने नको म्हणायच्या आत तिच्या खांद्यावर घातला, आणि आत जाऊन येईपर्यंत त्याने सगळं ठरवूनही टाकलं होतं. भोंगा बंद झाला, आग नव्हतीच, नुसतं जेवण करपलंय, खिडकी उघडलीय. पण पोरीने असं राहायचं नाही, आमच्या बंबाच्या ठाण्यावर चल, भोपळ्याचा गोड 'पाय' भाजलाय, माझी बायको येणार आहे. दुसऱ्याने मान डोलावली. कॉलेजचा पहारेकरी तोवर येऊन फोनवर कोणाशी तरी बोलत होता. सोखनाने 'परदेशी मुलगी' आणि 'कोणीच नाही हो बिचारीला' हे शब्द ऐकले आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण असणार हे तिला कळलं. त्या क्षणी थंडी, धूर, सगळं मागे पडलं. डोरीनला कळलं. आता चार दिवसांतले उरलेले तीन गेले, ते गेलेच. डोरीन तिला बखोटीला धरून घरी नेईल, सणाला जमलेल्या चौदा माणसांत बसवेल, आणि पुढची सगळी वर्षं तिला क्षणभर मोकळं सोडणार नाही. पण तेही सोसलं असतं. डोरीन तिच्याकडे पाहील, नुसती पाहील, ते कसं सोसायचं?

डोरीन आली ती कोटाखाली एप्रनवरच. गाडी तिरकीच लावलेली. आधी तिने सोखनाचे हात, तोंड, केस तपासले, भाजलंय का पाहिलं. मिशीवाल्याचे आभार मानून त्याचा कोट परत दिला, ठाण्यावरचं आमंत्रण गोड बोलून टाळलं. बंब गेला, पहारेकरी गेला. दोघी आत बैठकीच्या खोलीत आल्या. धुराचा वास भरला होता. डोरीन एका कोचावर बसली आणि तिने कोट काढून शेजारी ठेवला. सोखना उभी होती, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी.

"व्हर्न आणि जूडीला मी येतानाच फोन केला," डोरीन म्हणाली. "ते म्हणाले, ती शिकागोला गेलीय. आता तू सांग, पोरी. त्यांच्याकडे काही झालं का? कोणी काही बोललं?"

कोणी मारलं, कोणी बोललं. तेच प्रश्न, इतक्या लांब, दुसऱ्या भाषेत. सोखनाला वाटलं, हो म्हणावं. म्हणावं की घरची आठवण येत होती, रडू येत होतं, कोणासमोर रडायचं नव्हतं. ही थाप सगळ्यात सोपी होती, आणि डोरीनने ती हसत गिळली असती, उलट तिला जवळ घेतलं असतं. पण व्हर्न-जूडीवर आळ कसा घ्यायचा? आणि खरं सांगायचं तर तिला आता कंटाळा आला होता, आजारी नसताना औषध घ्यायचा.

"काही झालं नाही, मावशी. ते फार चांगले आहेत. मलाच एकटं राहायचं होतं." तिने सपातांकडे पाहत पुढचंही सांगून टाकलं. "मी कधी एकटी राहिलेच नाही. एक दिवससुद्धा नाही. तुम्ही सगळे इतके चांगले वागता की मला सांगताच येईना. तुम्हाला फसवलं त्याचं मला फार वाईट वाटतंय. राहिले त्याचं नाही वाटत."

डोरीनने तिच्याकडे पाहिलं. सोखना ज्याला भीत होती तसं ते पाहणं नव्हतं, पण कसं होतं तेही तिला उमगलं नाही. तेवढ्यात डोरीनच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला. तिने तो वाजू दिला. मग कोचाच्या पाठीला मान टेकून ती छताकडे पाहत म्हणाली, "कसं असतं गं?"

"काय?"

"हेच. अख्खी इमारत. कोणी नाही."

सोखनाला आधी वाटलं ही थट्टा आहे. मग ती घाईघाईने सांगायला लागली, एकाला एक जोडून, श्वास ऐकू येतो ते, गरम पाण्याचं, दारावर न पडलेल्या थापांचं, जिन्यात नाव घेतलं आणि कोणी ओ दिली नाही ते. सांगताना तिला उभं राहवेना, ती समोरच्या कोचावर पाय वर घेऊन बसली. न्हाणीघराच्या गोष्टीला डोरीनने डोळे मिटले. फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने तो घेतला, आणि सोखनाच्या डोळ्यांत सरळ बघत नवऱ्याला म्हणाली, "नाही रे, आग नाही. पण पोरगी फार घाबरलीय. तिला असं टाकून नाही येता येणार. तुम्ही जेवून घ्या. हो, तुझ्या भावांना म्हणावं, सॉस फ्रिजमध्येच आहे, त्यांना हात आहेत." फोन बंद करून तिने तो कोचाच्या उशीखाली सारला.

सोखना बघतच राहिली. चेहरा गंभीर ठेवायचा तिने प्रयत्न केला, पण ओठ ऐकेनात. डोरीनने बूट काढले, मोजेसुद्धा काढले, आणि पाय समोरच्या टेबलावर ठेवले. सोखनाच्या संस्कारांनी मग डोकं वर काढलंच. घरात माणूस आलंय आणि पातेल्यात अन्न आहे म्हटल्यावर तिच्या गावात दुसरी गोष्ट संभवतच नाही. जेवण आहे, मावशी, मी वाढून आणते, ती म्हणाली.

"नको," डोरीन म्हणाली. "मला काही नको. मी इथे आहे हे विसरून जा. तू तुझं जे चाललं होतं ते कर, मी माझं करते. आणि सोखना, जाताना दार ओढून घे."

सोखनाने दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात पातेलं अजून कोमट होतं. बंबवाल्याने त्यात पाणी ओतलं नव्हतं, नुसतं बाजूला सरकवलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला, अगदी अक्षरशः. मासे-भाज्यांची थाळी झाकणावर ठेवून, ते दोन्ही हातांनी धरून ती तीन मजले वर आपल्या खोलीत घेऊन गेली, मोठ्या परातीसारख्या ताटात भात पालथा केला आणि मग तळाची खरवड सुरीने सोडवली. एका बाजूने ती काळी पडली होती, पण बाकी अख्खी, तांबूस, जाड, ताटाएवढी गोल निघाली. मोडताना आवाज आला. तिने ती भातावर पसरली, वर मासे मांडले, जमिनीवर मांडी घालून बसली आणि उजव्या हाताने खायला लागली. तिखट बरोबर लागलं होतं. मीठ जरा कमी. खरवडीचा पहिला तुकडा दाताखाली फुटला तेव्हा तिने चक्क हुंकार दिला, आणि तो हुंकार खोलीत एकटाच फिरून विरला. ती भराभर खात होती, आनंदाने, कोणी ओढून नेईल असं, आणि पोट भरत आल्यावर तिने पहिल्यांदा ताटाकडे नीट पाहिलं.

तिने फक्त आपल्यापुढचंच खाल्लं होतं. ताटात तिच्यासमोर एक त्रिकोणी तुकडा रिकामा झाला होता, कडा अगदी सरळ, मोजून कापल्यासारख्या, आणि बाकीचं सगळं जसंच्या तसं. घरी एका ताटाभोवती बसलं की ज्याने त्याने आपल्यासमोरचंच खायचं असतं. हात दुसऱ्याच्या वाट्यात गेला की आत्या चापट मारायची. इथे कोणी नव्हतं आणि तरी सगळे बसले होते. हा समोरचा भाग वडिलांचा, हा थोरलीचा, हा आत्येबहिणीचा, तो डावीकडचा, जिथे खरवड सगळ्यात जाड होती, तो उमीआत्याचा. सोखनाला मोठ्याने हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले, आणि दोन्हींतलं कुठलंही तिला आवरायचं नव्हतं. तिने ताट फिरवून घेतलं नाही. हात लांब केला, थेट आत्याच्या वाट्यात घातला, तिथला सगळ्यात मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला. चापट बसली नाही. घास तोंडात धरून ती जरा वेळ थांबली, आणि मग तो चावायला लागली.